नदी आपली कुठवर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या विभागाचे संचालक माननीय श्री. हॉवर्ड पिंकनी, राजधानीच्या अर्थसंकल्प कार्यालयातून दीड तास गाडी चालवून आलेल्या माननीय श्रीमती हॅरिएट ग्रोव्ह, खुर्ची मधोमध ठेवली असताना ती हळूच कडेला सरकवून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती बर्नडेट मलहर्न, म्हणजे आपल्या बर्नीबाई, हा हॉल आणि मागचं स्वयंपाकघर आपल्या हवाली करणारे अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, ऑनलाइन जुगार चालवणाऱ्या परवानाधारक कंपन्यांचे शेवटच्या दोन टेबलांवरचे प्रतिनिधी, आणि माझे सर्व सहकारी,

माझं काम अहवाल लिहिण्याचं आहे. भाषण मी आज पहिल्यांदा करते आहे. मला बारा मिनिटं दिली आहेत. बर्नीबाईंनी मघाशी जिन्यात सांगितलं, "सहा पुरेत, ताटं थंड होतात." मी मधला आकडा धरला आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. काही पाहुण्यांनी विचारलं की अटलांटिक सिटीत एवढे झगमगते हॉल असताना निरोप समारंभ अग्निशमन केंद्रात का? कारण ते सगळे हॉल कॅसिनोंचे आहेत, आणि आम्हाला त्यांच्याकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेता येत नाही. मागच्या दोन टेबलांवरच्या मंडळींनी आपापल्या ताटाचे पैसे भरले आहेत, त्याच्या पावत्या फाईलला लागल्या आहेत. तेव्हा खेकड्याचे हे क्रॅबकेक निःसंकोचपणे खावेत.

बर्नीबाईंची ओळख मी कुणाला करून द्यावी? या हॉलमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी पकडलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना शिकवलेलं आहे. तरी नोंदीसाठी सांगते. चौतीस वर्षांपूर्वीपर्यंत त्या एका कॅसिनोत पत्ते वाटत होत्या. तिथून त्या निरीक्षक म्हणून आपल्या विभागात आल्या. फासा घासलेला आहे की नाही, हे त्या बोटाच्या पेरांनी सांगायच्या. मी शंका म्हणून एकदा प्रयोगशाळेच्या यंत्रावर पडताळून पाहिलं. वीस फाशांपैकी वीस बरोबर. निकाल सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे हं तुझं."

मग ऑनलाइन जुगार कायदेशीर झाला. पहिल्या परवानाधारकाची तपासणी करायला त्या गेल्या तेव्हाचा प्रसंग मी ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून ऐकलेला आहे. कंपनीच्या माणसाने त्यांना एका गार खोलीत नेलं आणि यंत्रांची कपाटं दाखवली.

बाईंनी विचारलं, "फासे कुठे आहेत?"

"फासे नाहीत, बाई. आकडे काढणारा प्रोग्राम आहे."

"टाकतं कोण?"

"कुणीच टाकत नाही."

"मग हात कुणाचा धरायचा?"

त्या माणसाला हसू आलं म्हणतात. पण सभ्य स्त्री-पुरुषहो, आपला विभाग गेली इतकी वर्षं याच एका प्रश्नाचं उत्तर तयार करतो आहे ना? आकडे काढणारा प्रोग्राम आम्ही आधी प्रयोगशाळेत तपासतो आणि त्यावर सरकारी मोहोर लावतो. त्यात पुढे कुणी एक अक्षर जरी बदललं, तरी मोहोर जुळत नाही आणि आम्हाला कळतं. ज्यांनी स्वतःहून "मला खेळू देऊ नका" असं लिहून दिलं, त्यांची नावं प्रत्येक कंपनीच्या दारावर थांबली पाहिजेत. बिघाड झाला तर कंपनीने चोवीस तासांच्या आत आपणहून कळवायचं. आपणहून कळवलं तर दंड होतो. लपवलं आणि आम्हाला सापडलं तर परवान्याचा प्रश्न येतो. आणि शेवटचं म्हणजे, खेळणारा माणूस आपल्या राज्यात बसलेला असला पाहिजे. आपला परवाना हद्दीपर्यंत चालतो. त्यापलीकडे एक पाऊलसुद्धा नाही.

ते पाऊल बर्नीबाई प्रत्यक्ष मोजत आल्या.

याला आम्ही सीमा-फेरी म्हणतो. महिन्यातून चार दिवस बाई दोन सरकारी फोन आणि एक खडू घेऊन हद्दीवरून चालतात. ठरलेल्या जागी थांबतात, एका डॉलरची पैज लावून बघतात. हद्दीच्या आत लागली पाहिजे, बाहेर नाकारली गेली पाहिजे. फिलाडेल्फियाच्या पुलावर त्या मधोमध उभ्या राहतात, कारण हद्द तिथे आहे. एकदा तिथे पोलिसाने हटकलं.

"बाई, इथे का उभ्या आहात?"

"जुगार खेळते आहे."

"काय?"

"सरकारी आहे. जरा बाजूला व्हा, तुम्ही पेनसिल्व्हेनियात उभे आहात."

आम्हा कर्मचाऱ्यांना एरवी या राज्यात एक पैजही लावता येत नाही. या कामाला मात्र कार्यालयाचा डॉलर मिळतो. एकदा तो डॉलर जिंकला. परत करण्याच्या अर्जात 'जिंकल्यास' असा रकानाच नव्हता. तो रकाना आता आहे. क्रमांक अकरा.

आता मी माझ्या भागाकडे येते. तो सांगावा की नाही याचा मी विचार केला. अध्यक्षांनी सांगितलं, सांग. बाईंनी सांगितलं, लांबवू नको.

मी या विभागात दोन वर्षांपूर्वी आले. मला नकाशा सांभाळायला दिला. कंपन्यांची ॲप्स फोनचं ठिकाण घेतात आणि ते हद्दीच्या आत आहे का बाहेर, हे आम्ही मंजूर केलेल्या नकाशावरून ठरवतात. मी एक संगणकीय चाचणी तयार केली. ती कार्यालयात बसून एका दिवसात हद्दीवरची चाळीस हजार ठिकाणं तपासते. बर्नीबाई महिनाभरात तपासतात एकशे बारा. आकडे समोर ठेवल्यावर मी सरळ निष्कर्ष काढला. गेल्या सप्टेंबरात मी साडेतीन पानांचं टिपण लिहिलं: सीमा-फेरी अनावश्यक आहे, निरीक्षकांच्या निवृत्तीनंतर हे पद भरू नये. आज ज्यांचा सत्कार आहे, त्यांच्याबद्दलचं हे वाक्य माझं आहे.

टिपणाची प्रत मी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. पाठीमागून करायचं नव्हतं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

म्हणाल्या, "मांडणी छान आहे गं."

मी विचारलं, "तुमचं मत काय?"

"माझं मत पायात आहे. सोमवारी सांगते."

त्याच महिन्यात मी नकाशाही स्वच्छ केला होता. डेलावेअर नदी आपली पश्चिम हद्द आहे. हद्द उत्तरेकडून खाली येताना सबंध वाट नदीच्या मधोमध येते. पण जुन्या नकाशात खालच्या अंगाला ती अचानक उडी मारून आपल्या काठाला चिकटते आणि वीसेक मैल तशीच राहते. मला वाटलं, पूर्वी कुणाचा तरी हात हलला. मी रेषा मधोमध आणून सरळ केली. मागे बसलेले श्री. टोबायस लेंट्झ, ग्रीन हेरन कंपनीचे, यांनी तेव्हा मला मेल पाठवला होता: "तुमची रेषा सरकली आहे. मुद्दाम आहे का?" मी उत्तर दिलं: "होय. जुनी चूक दुरुस्त केली आहे. धन्यवाद." तो मेल त्यांनी छापून आपल्या टेबलाला लावला आहे असं ऐकते. ते मान हलवत आहेत, म्हणजे खरं असावं.

आता या हॉलमधले जे खालच्या नदीकाठचे, सेलमकडचे आहेत, ते एव्हाना हसू लागले आहेत. त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं, मी समुद्राकडची. ती रेषा माझ्या हातून चुकून सरकली नव्हती, मी ती विचार करून चुकवली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका सनदेत पलीकडच्या गावाभोवती बारा मैलांचं वर्तुळ आखलेलं आहे आणि त्या वर्तुळात नदी आपल्या काठापर्यंत, ओहोटीच्या खुणेपर्यंत, पलीकडच्या राज्याची आहे. आपल्या काठावरून पाण्यात निघालेला मासेमारीचा धक्का पायथ्याशी आपला असतो, आणि टोकाला डेलावेअर राज्याचा.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

"लिएन, पैज लागली."

"कुठे?"

"हॉगन धक्क्याच्या टोकाला."

"मग बरोबर आहे, बाई. ते आपल्याकडे येतं."

"इथलं पाणी कुणाचं?"

"अर्धी नदी आपली आहे."

"वरती अर्धी. इथे कपभर नाही. जुना नकाशा उघड आणि मग सनद वाच. मी बसले आहे. इथे ओटिस म्हणून एक गृहस्थ मासे धरताहेत, त्यांनी खुर्ची दिली आहे. ते परवानाधारक नाहीत, मी आधी विचारलं."

मागून त्या ओटिस यांचा आवाज आला, "अहो, गेले दोन आठवडे सगळे इथूनच पैजा लावताहेत. आम्हाला वाटलं सरकारने सोय केली."

मी नकाशा उघडला. सनद वाचली. दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मला जे वाटलं ते या अहवालाचा भाग नाही. माझं प्रोबेशन संपायला नऊ दिवस होते. फेरी बंद करण्याचं माझं टिपण त्याच दुपारी संचालकांच्या सहीला जाणार होतं. आणि त्या फेरीनेच माझी चूक शोधली होती.

मी परत फोन केला. म्हटलं, "बाई, चूक माझी आहे."

"ते मला कळलं. कंपन्यांना आपण काय सांगतो?"

"चोवीस तासांत आपणहून कळवा."

"माझा अहवाल चार वाजता जाईल. तुझा त्याआधी गेला, तर मी लिहीन, 'कार्यालयाने आधीच कळवले.' नाही गेला, तर लिहीन, 'फेरीत सापडले.' दोन्ही खरं असेल. आता फोन ठेव, ओटिसना मासा लागलाय."

त्यांनी मला झाकलं नाही आणि उघडंही पाडलं नाही. मला वेळ दिला, आणि तोही मोजून. सभ्य स्त्री-पुरुषहो, चौतीस वर्षं इतरांवर लक्ष ठेवून आपल्या मनात हे एवढं माणूसपण शाबूत कसं राहतं? मला अजून कळलेलं नाही.

माझा अहवाल अकरा पन्नासला गेला. दुपारपर्यंत जुनी रेषा परत लागली. त्या एकोणीस दिवसांत धक्क्यावरून आणि होड्यांमधून लागलेल्या पैजा रद्द करून लोकांना परत केल्या, पलीकडच्या राज्याच्या नियामकांना आपणच कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं, आणि दुसऱ्या ओळीत त्यांनी बर्नीबाईंना नमस्कार सांगितला होता.

तीन वाजता संचालकांनी मला बोलावलं. दोन कागद समोर ठेवले.

"यात म्हणतेस, फेरी निरुपयोगी. यात म्हणतेस, चूक फेरीने पकडली. खरा कुठला?"

"आजचा."

"मग पहिला फाडून टाक."

"फाडता येत नाही, साहेब. आवक नोंद झाली आहे."

माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. ते योग्यच होतं.

पण नोंद झालेला कागद चालू लागतो. माझं टिपण राजधानीत पोचलं. डिसेंबरात तिथून उत्तर आलं: विभागाच्याच तांत्रिक अधिकाऱ्याच्या मते पद अनावश्यक असल्याने तीस जूनला, म्हणजे बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी, ते रद्द करण्यात येईल. माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. मी खुलासा पाठवला. तो दुय्यम मत म्हणून फाईलला लागला. दुसरा पाठवला. त्याला नुसता क्रमांक मिळाला. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू फारच चांगलं लिहिलं होतंस, पोरी. त्यांना पटलं."

शेवटी मी अर्थसंकल्प कार्यालयात श्रीमती ग्रोव्ह यांना फोन केला. त्यांच्या परवानगीने सांगते.

त्यांनी विचारलं, "या पहिल्या टिपणावर सही तुमचीच ना?"

"हो."

"आणि त्याच्याविरुद्धच्या दोन खुलाशांवरही?"

"हो."

"मग मी तुमच्या कुठल्या सहीवर विश्वास ठेवायचा?"

"कुठल्याच नको. तुम्ही स्वतः चालायला या."

त्या मार्चमध्ये आल्या. वारा फार होता. आम्ही तिघी हॉगन धक्क्यावरून निघालो. बाईंनी एका फळीवर खडूची रेघ ओढली आणि फोन श्रीमती ग्रोव्ह यांच्या हातात दिला. रेघेच्या अलीकडे पैज लागली. एक पाऊल पुढे टाकलं, नाकारली गेली. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळं नीट चालू आहे. मग दर महिन्याला इथे माणूस कशाला?"

माझ्याकडे तक्ता तयार होता. वर्षभरात संगणकाने एकेचाळीस दोष शोधले, फेरीने सात. त्या सातांपैकी एकही एकेचाळिसांत नाही, कारण संगणक माझ्याच नकाशाने तपासतो आणि नकाशा चुकला तर दोघं मिळून चुकतात. मी तो तक्ता काढत होते. त्याआधीच बाई म्हणाल्या, "नीट चालू आहे, हे तुम्हाला आत्ता कशावरून कळलं?"

श्रीमती ग्रोव्ह यांनी पायाजवळच्या खडूच्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चालत आले म्हणून." आणि थोड्या वेळाने, "तुमचा तक्ताही द्या. आमच्या इथे पायांना क्रमांक देता येत नाही."

तो तक्ता गेला. एप्रिल गेला, मे गेला, उत्तर आलं नाही. बाईंनी विचारणं सोडून दिलं. गेल्या मंगळवारी त्यांनी आपले दोन फोन चार्ज करून, पुसून, माझ्या टेबलावर आणून ठेवले. पावती मागितली. मी दिली. कुणीतरी विचारलं, "बाई, निवृत्तीनंतरच्या बंदीची मुदत सरली की खेळणार का आता?" त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी ते जुगाराचं चाक मागून बघितलंय. पुढून काय बघायचं?" सगळे हसले, त्याही हसल्या. पण खडू त्यांनी जमा केला नाही. कोटाच्या खिशात परत ठेवला. मी ती नोंद केली नाही.

आता मी अध्यक्षांच्या परवानगीने एक कागद वाचणार आहे. तो काल दुपारी दोन वाजता आला. व्यासपीठावरच्या तिघांपैकी दोघांना त्यातला मजकूर ठाऊक आहे. तिसऱ्यांना नाही, आणि त्या आता माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत, ती मी यापूर्वी फक्त परवानाधारकांना झेलताना पाहिली आहे.

"क्षेत्र निरीक्षक हे पद तीस जूननंतरही कायम ठेवण्यात येत आहे. सीमा-फेरी पूर्वीप्रमाणे महिन्यातून चार दिवस चालू राहील. नवीन निरीक्षकाची नेमणूक होईपर्यंत फेरीची जबाबदारी नकाशा विभागाच्या तांत्रिक अधिकारी यांच्याकडे, त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून, देण्यात येत आहे."

बर्नीबाई काहीतरी म्हणत आहेत. कृपया एक मिनिट शांतता.

त्या म्हणतात, "परत वाच."

वाचते. "क्षेत्र निरीक्षक हे पद तीस जूननंतरही कायम ठेवण्यात येत आहे. सीमा-फेरी पूर्वीप्रमाणे महिन्यातून चार दिवस चालू राहील."

टाळ्या थांबल्या की पुढे बोलते.

नाही, मागच्या टेबलांनी उभं राहायची गरज नाही. तुमच्यावरच लक्ष ठेवण्यासाठी आहे हे. तरी आभारी आहे.

माननीय अध्यक्षांनी मला बोलू दिलं, श्रीमती ग्रोव्ह यांनी वाऱ्यात चालून मग सही केली, अग्निशमन दलाच्या मंडळींनी सकाळपासून ओव्हन सांभाळले, या सर्वांची मी ऋणी आहे. ओटिस यांनाही आमंत्रण होतं. आज भरती चांगली असल्याने ते येऊ शकले नाहीत, असं त्यांनी कळवलं आहे.

कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाच्या मानाला उणं आलं असेल, थट्टा कुणाला लागली असेल, तर मनात ठेवू नका. मला बोलण्याची सवय नाही, एवढंच कारण. आणि बाई, त्या साडेतीन पानांबद्दल मी तुमची क्षमा आजवर मागितली नव्हती. चार लोकांसमोर लिहिलं होतं, म्हणून चार लोकांसमोर मागते. ती पानं दप्तरात आहेत आणि राहतील. आजचा कागद त्यांच्यावर लावला आहे. यापुढे फाईल उघडणाऱ्याला तो आधी दिसेल.

मी आपली रजा घेते.